आबांची अमेरिकेतली विहीर

तेरावं झालं, पाहुणे गाड्या काढून गेले, मांडवाचे बांबू ट्रॅक्टरमध्ये पडले, आणि वीरधवल फार संकोचून बहिणीला म्हणाला, "अक्का, त्या सहीचं तेवढं बघू या का? तू सांगलीला गेलीस की पुन्हा कवा यायची."

सही म्हणजे हक्कसोडीची. वडील गेले की मुलीने कोरेगावच्या कचेरीत जाऊन जमिनीतला हक्क भावाला सोडून द्यायचा, हे मान्यांच्या घरात इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे आणि चांगलंही बोलत नसे. आत्यांनी केली होती, आईने तिच्या माहेरी केली होती. त्या बदल्यात भाऊबीज आणि उन्हाळ्यात शेंगांचं पोतं मिळे.

"करते की सही," संयोगिता म्हणाली. "ऊस तुझा, घर तुझं, गावच्या विहिरीतला हिस्सा तुझा. मला फक्त ती अमेरिकेतली विहीर दे."

आबा गेल्यापासून वीरधवल पहिल्यांदा हसला. "घे की! सगळी घे. वाट्याला दोर आन् बादलीबी घे."

त्यामुळे कोरेगावला दोन कागद झाले. पहिला नेहमीचा होता. दुसऱ्या कागदात भावाने आणि आईने बहिणीसाठी हक्क सोडला होता, आणि असा कागद आयुष्यात प्रथमच टाइप करणाऱ्या माणसाने नावं उलटी पडली नाहीत ना, हे दोनदा विचारून घेतलं.

विहीर खरोखरच होती. आबा, म्हणजे नाथाजी माने, लष्करात गाड्या दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन आल्यावर वर्षभरात त्यांना गावचा कंटाळा आला आणि ते मस्कतकडे तेल काढणाऱ्या कंपनीत इंजिनं सांभाळायला गेले. तिथे बॉब नावाचा एक अमेरिकन त्यांचा साहेब होता. त्याने पुढे आपल्या गावी, ओक्लाहोमाला, स्वतःची लहानशी कंपनी काढली आणि ओळखीच्यांना विचारलं, कुणाला तेलाच्या विहिरीत हिस्सा हवाय का. मस्कतहून परतलेल्या सगळ्यांनी साताऱ्यात प्लॉट घेतले. आबांनी जमिनीतलं भोक घेतलं. तेही शंभर भाग केले तर एकसुद्धा पुरता येणार नाही, एवढं.

"एकदा बघून तरी यायचं," लोक म्हणत.

"बघायचं काय त्यात? आत अंधार असतो," आबा म्हणत.

कधी चेक येई, कधी बिल येई. चेक आला की आबा काटकुळ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट घालून रहिमतपूरच्या बँकेत जात, आणि बिल आलं तरी त्याच शर्टात जात. भावकीतल्या दादासोंनी त्यांचं नाव शेख ठेवलं होतं. आबा पारावर दिसले की दादासो म्हणत, "शेख, काय म्हणतंय तेल?" आणि आबा गंभीरपणे सांगत, "बरं हाय. थंडी लय पडलीया तिकडं."

कारण टीव्हीवरच्या बातम्यांत अमेरिकेचं हवामान आलं की आबा सगळ्यांना गप्प करत. बनुबाई, म्हणजे आई, त्या विहिरीला 'ती बया' म्हणे. "जन्मभर भाकरी म्या थापली, आन् ताप आलाय का इचारायचं तिला."

सांगलीला परत आल्यावर संयोगिताने आबांच्या हिश्शाचे कागद वाचायला घेतले. ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होती आणि वाचणं हा तिचा धंदाही होता आणि सवयही. पण त्या दिवसांत तिला कादंबरी धरवत नव्हती. कुठल्याही कादंबरीत लवकर किंवा उशिरा कुणाचा तरी बाप निघायचाच. करारात बाप नव्हता. त्यात पंप होते, पाइप होते आणि 'उपरोक्त पक्ष' होता. ती रोज जेवणानंतर थोडा थोडा वाचायची, आणि अडलं की त्या विषयाची पुस्तकं शोधायची.

हळूहळू तिच्या लक्षात आलं की तेलाच्या विहिरीवर दोन तऱ्हेचे लोक जगतात. एक जमीनवाला. तो खर्चात पडत नाही. तेल निघालं की आपला वाटा उचलतो. त्याला रॉयल्टी म्हणतात. दुसरे हिस्सेदार. त्यांचा असतो वर्किंग इंटरेस्ट. पंप बिघडला, पाइप कुजला, रस्त्यावर मुरूम टाकला, की हिस्सेदाराने हिश्शाप्रमाणे खर्च द्यायचा. मग तेल विकून उरेल त्यातला हिस्सा घ्यायचा. उरलं नाही तर उरलं नाही. आणि हिस्सेदार मेला की वारसाला मिळकत जाते तसा खर्चही जातो. आबांकडे होता तो हा दुसरा.

हे समजायला तिला बरेच दिवस लागले, आणि समजल्यावर हसू आलं, कारण गावच्या विहिरीचं हेच होतं. तिकडे फक्त ते लिहून ठेवलं होतं. माने भावकीच्या विहिरीवर पाण्याची पाळी वडिलांकडून मुलाकडे येते, आणि तिच्याबरोबर जळालेली मोटर भरून आणायचा खर्च येतो, आणि उन्हाळ्यात गाळ काढायचा दिवस येतो. त्या दिवशी प्रत्येक हिस्सेदाराच्या घरचं माणूस विहिरीवर लागतं. फार पूर्वी, बहात्तरच्या दुष्काळानंतर, गाळाच्या दिवशी दादासोंचे वडील केरबा सकाळीच उठून पाहुण्याच्या गावाला निघून गेले होते. केरबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पण अजून दर उन्हाळ्यात गाळाचं पहिलं घमेलं वर आलं की काठावरचं कुणीतरी ओरडतं, "केरबा आला का रं?" सगळे हसतात. दादासोही हसतात, न हसून सांगतात कुणाला.

आबा हे ओरडणं ऐकतच वाढलेले. अमेरिकेचं बिल ते मुकाट्याने का भरत, याचं कारण तिला त्या जाड करारात सापडलं नसतं.

तिने कागदपत्रं पाठवली, आबांच्या जागी आपलं नाव लावून घेतलं. नाव लागल्याचं कळलं त्या दिवशी तिने टीव्हीवर ओक्लाहोमाचं हवामान बघितलं. वादळ होतं. उगीच काळजी वाटली.

मग तेलाचे भाव वाढले. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं, आणि ते वर्तमानपत्र दादासोंनी पारावर वाचलं.

पुढच्याच आठवड्यात वीरधवल सांगलीला आला. हातात पिशवी, पिशवीत काकवीची बाटली आणि शेंगा. तो थेट ग्रंथालयातच आला. परीक्षा जवळ आल्या होत्या, सगळी टेबलं भरलेली. तो बहिणीच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "अक्का, तेलाचा भाव वाढलाय म्हणं."

"वाढलाय," तीही हळूच म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. ती विहीर म्हातारी झालीय, वीरू. तेलापेक्षा पाणीच जास्त येतं तिच्यातनं. खारं पाणी. ते लांब नेऊन टाकावं लागतं, आणि टाकायला पैसे पडतात."

वीरधवलने तिच्याकडे नीट बघितलं. त्याने आतापर्यंत दोन बोअर मारले होते, दोन्ही कोरडे गेले होते. उसाला पाणी कमी पडलं म्हणून टँकर आणले होते. पाण्याला पैसे घालणं हे त्याचं आयुष्य होतं, आणि सख्खी बहीण त्याला सांगत होती की अमेरिकेत पाणी फेकायला पैसे लागतात.

"पाणी टाकायला," तो म्हणाला.

"हो."

"पैसं."

"खरंच सांगतेय. तो वर्किंग इंटरेस्ट आहे. त्यात खर्चही आपलाच असतो. गेल्या तीन महिन्यांत एक रुपया आलेला नाही, उलट मी भरलेत. कागद दाखवू?"

"नको," वीरधवल म्हणाला. "तू सांगतीयास ते खोटं कशाला असंल." आणि हे त्याने ज्या पद्धतीने म्हटलं त्यावरून त्याला ते खोटं वाटतंय हे शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही कळलं. तिने मान वर करून दोघांना गप्प बसायची खूण केली. वीरधवलने काकवीची बाटली टेबलावर ठेवली आणि निघून गेला. ग्रंथालयात हळू बोलायचं असतं, म्हणून त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण असं कुजबुजतच झालं.

गावात दादासोंचा निकाल तयारच होता. "शिकल्याली हाय पोरगी. ऊस सोडून कुणी उगंच भोक मागून घेतंय व्हय? तिला म्हाईत हुतं."

राखीपौर्णिमेला वीरधवल आला. राखी बांधून होईपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. नारळीभात खाल्ला, चांगला झालाय म्हणाला, गेला. भाऊबीजेला संयोगिता गावी गेली. सगळं नीट होतं, हीच अडचण होती. भावजय दीपमालाने तिला चहा दिला तो बशीसकट. माहेरी तिला आयुष्यात पहिल्यांदा कपाखाली बशी मिळाली. ती स्वयंपाकघरात गेली तर दीपमाला म्हणाली, "तुमी बसा की वन्सं बाहेर, दमून आलाय."

आई चुलीपुढे बसली होती. गॅस असूनही तिची भाकरी चुलीवरच व्हायची.

"तोंड का असं केलंस?" आईने विचारलं.

"बशी दिली तिने मला."

आईने भाकरी उलटली. "त्या बयेनं मला कवा सुख दिलं न्हाई," ती म्हणाली. "आता तुमा दोघांत शिरली."

आबा असते तर संयोगिता ओट्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसली असती आणि विषय थंडीवर गेला असता. ओट्यावर आता वीरधवल बसत होता, आबांच्याच जागी, फोन बघत. ती त्याच्याजवळ जाऊन बसली.

"अर्धी विहीर तुझ्या नावावर करून देते," ती म्हणाली.

"मी काय मागितली न्हाई."

"माहीत आहे. पण ऐकून घे. खर्चही अर्धा येईल."

"येऊ दे की," वीरधवल फोन खाली ठेवून म्हणाला. "इहीर म्हणल्यावर खर्च आलाच." मग तो आत ओरडला, "आगं दीपा, अक्काला लाडू दिलं का न्हाई? डबाच आण हिकडं."

कागद पुन्हा अमेरिकेला गेले. परत येईपर्यंत संक्रांत होऊन गेली. वीरधवल आता दर दोन-चार दिवसांनी फोन करू लागला. सुरुवातीला तेलाच्या भावासाठी, मग हवामानासाठी, मग नुसताच. "बर्फ पडलंय म्हणं तिकडं. पंप गारठला नसंल न्हवं?" संयोगिताला त्या आवाजात आबा ऐकू येत. तो बोलत असताना ती डोळे मिटून ऐकायची.

चैत्रात कंपनीचं पत्र आलं, दोन्ही हिस्सेदारांना एकेक. वीरधवलचा फोन दुपारीच आला. "अक्का, विंग्रजीत काय लांबलचक आलंय. पैसं आलं व्हय?"

"रविवारी येते," ती म्हणाली.

रविवारी ओट्यावर आई होती, वीरधवल होता, आणि बोलावलेलं नसताना दादासोही होते. संयोगिताने पत्र मराठीत सांगितलं. विहिरीत आता चालवण्यासारखं काही उरलेलं नाही. सरकारच्या नियमाप्रमाणे ती तळापासून सिमेंट भरून कायमची बुजवायची आहे. खर्च हिश्शाप्रमाणे प्रत्येकाने द्यायचा आहे. तिने आकडा सांगितला. वीरधवलने तो पुन्हा सांगायला लावला. ती पुन्हा सांगायला लागली तर म्हणाला, "कळलं, कळलं." चैत्रात पलंगाएवढा फ्रिज घ्यायचा त्याचा विचार होता, तो त्या आकड्यात आरामात मावत होता.

"आता हिस्सा सोडला तर?" त्याने विचारलं.

"चालू होती तेव्हा विकून टाकता आली असती. आता बुजवायच्या वेळी हात काढून घेता येत नाही. करारात आहे तसं."

"हे आधी सांगायचं की अक्का."

"सांगितलं होतं."

"जोरात सांगायचं!"

"लायब्ररीत होतो आपण."

दादासोंनी पानाची पिशवी उघडली. त्यांचा चेहरा अगदी शांत होता.

"हे बघ वीरधवल," ते म्हणाले, "गप बसायचं. कागद आला, चुलीत घातला. अमेरिका काय हितं रहिमतपुरात वसुलीला येती व्हय? कोण यायचंय? त्यो बॉब?"

"बॉब वारला," संयोगिता म्हणाली.

"मग तर झालंच!"

सांगलीच्या एका वकिलानेही तिला जवळपास हेच सांगितलं होतं, जरा बऱ्या भाषेत. खरं तर तिने आपला अर्धा भाग भरायचं ठरवूनच टाकलं होतं. वीरधवलचाही ती भरू शकली असती. पण तसं म्हणणं म्हणजे त्याला बशीसकट चहा देण्यासारखं होतं. आणि तो नाही म्हणाला असता, तर आबांच्या हिश्शापैकी अर्धा भाग त्या विहिरीच्या काठावर आला नाही असं झालं असतं, आणि ते तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. म्हणून ती पत्राची घडी घालत बसली.

वीरधवल समोर बघत होता. ओट्यावरून भावकीच्या विहिरीचा काठ दिसतो. आठवड्यापूर्वीच गाळ निघाला होता. काळ्या चिखलाचा ढीग उन्हाने भेगाळला होता. त्याचे स्वतःचे खांदे अजून दुखत असणार.

"अण्णा," तो दादासोंना म्हणाला, "हितं न्हाई येणार कोण. पर तितं गाळाचं पयलं घमेलं वर आलं, आन् काठावरनं कुणी इचारलं, नाथाजी आला का रं, तर?"

दादासोंनी पान तोंडात घातलं. ते पुष्कळ वेळ चावलं. मग त्यांना म्हशीची आठवण झाली आणि ते उठून गेले.

"निम्मं माझं," वीरधवल बहिणीला म्हणाला. "कसं धाडायचं तेवढं बँकेत मला कळत न्हाई. तू संगं चल."

"इस्त्रीचा शर्ट घाल," संयोगिता म्हणाली.

आई म्हणाली, "बुजवणार मंजी? पार?"

"पार. सिमेंटने."

"आन् वाट?"

गावाकडे विहीर बुजवतात तेव्हा आत एक पाइप उभा सोडतात. वर माती, दगड, काय टाकायचं ते टाकतात, कुणी त्यावर घरही बांधतं, पण पाइपाचं तोंड उघडं ठेवतात. विहिरीने श्वास कुठून घ्यायचा, असं म्हणतात. न ठेवला तर काय होतं ते कुणी सांगत नाही, कारण न ठेवण्याची हिंमत कुणी केलेली नाही.

"अमेरिकेत नसतं गं असलं काही," संयोगिता म्हणाली.

"तू इचार तर," आई म्हणाली. "पैसं देतोय न्हवं आपुन?"

"इचार की अक्का," वीरधवल म्हणाला. "हिस्सेदार हाय आपुन."

तिने सांगलीला येऊन ते पत्र लिहायला घेतलं. चांगलं इंग्रजी तिला येत होतं, पण ही गोष्ट चांगल्या इंग्रजीत बसेना. श्रद्धा, परंपरा असे शब्द तिने लिहिले आणि खोडले. शेवटी तिने एवढंच लिहिलं: आमचे वडील या विहिरीचे हिस्सेदार होते. पैसे पाठवत आहोत. आमची आई विचारते आहे, विहीर बंद केल्यावर तिला हवेसाठी वाट ठेवता का?

पाठवल्यावर तिला इतकी लाज वाटली की दोन दिवस तिने मेल उघडली नाही. उत्तर आलेलंच होतं.

ती शनिवारी गावी गेली. वीरधवलची पाण्याची पाळी होती. आई आणि तो दोघंही विहिरीवर होते. संध्याकाळचं ऊन उसावर आलं होतं, मोटर चालू होती, त्यामुळे या वेळी तिला सगळं जोरात सांगावं लागलं.

"पैसे पोचले!" ती ओरडली. "विहीर बुजवून झाली. पाइप जमिनीखाली कापला, वर लोखंडी पत्रा डागला, त्यावर विहिरीचं नाव आणि नंबर घातला!"

"आबांचं नाव?" वीरधवल ओरडला.

"नाही, जमीनवाल्याचं असतं तिकडे!"

"हितं तरी येगळं काय हाय!" तो म्हणाला. ज्या विहिरीवर ते उभे होते तिला सगळे पाटलाची विहीर म्हणत, आणि तिच्यात पाटलांचा थेंब नव्हता.

"आणखी लिहिलंय," संयोगिता म्हणाली. मोटरच्या आवाजात सांगायचं म्हणून ती जवळ आली. "हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी लिहिलंय. एक जानेवारीला आबांचा फोन यायचा म्हणे त्यांच्या ऑफिसात, दर वर्षी. हवा कशी आहे विचारायचे. गेल्या वर्षी आला नाही, तेव्हा आपले कागद पोचायच्या आधीच त्यांना वाटलं होतं."

वीरधवलने पाटाचं दार फोडायला खोरं उचललं, आणि ते तसंच हातात धरून उभा राहिला.

"आन् वाट?" आईने विचारलं.

"ठेवलीय. वरच्या पत्र्याला भोक ठेवतात. सगळ्याच विहिरींना ठेवतात. आत हवा कोंडू नये म्हणून."

"बघ," आई म्हणाली.

"भोकाचं येगळं पैसं?" वीरधवलने विचारलं.

"नाही. त्यातच."

"मग झालं." त्याने खोरं चिखलात घातलं आणि पाणी पुढच्या सरीला वळवलं.

आई पाण्याकडे बघत होती. "केवढं हाय?" तिने विचारलं.

संयोगिताने आपली करंगळी पुढे केली. आईने ती दोन बोटांत धरून बघितली, कणीस भरलंय का बघावं तशी.

"बास हाय तेवढं," ती म्हणाली. "बारीकच हुतं माणूस."